गिटारच्या तारा निवडताना: पाकिटावरचा आकडा आणि हाताला जाणवणारा ताण

"दादा, गिटारच्या तारा हव्यात."
"कुठल्या देऊ? लाइट?"
"हो, लाइटच द्या."

दुकानाच्या काउंटरवर हा संवाद मी कितीदा तरी ऐकला आहे, आणि दर वेळी मध्ये पडून विचारावंसं वाटतं: गिटार कुठली आहे? कारण इलेक्ट्रिकच्या पाकिटावर 'लाइट' असलं की पहिली तार बहुधा १० ची असते, आणि अकूस्टिकच्या पाकिटावर तोच शब्द असला की १२ ची. 'मीडियम'चंही तसंच. इलेक्ट्रिकला ११, अकूस्टिकला १३. नवशिक्या पोराच्या हातात १३ ची तार पडली की दोन महिन्यांत गिटार कपाटावर चढते आणि घरचे म्हणतात, याला चिकाटीच नाही. चिकाटी असते हो. तार चुकलेली असते.

म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितो आहे. शेवटपर्यंत एकच गोष्ट धरून ठेवा: बोटांना जाणवतो तो ताण. जाडी हा त्या ताणाचा एक भाग आहे. उरलेले दोन भाग, म्हणजे तारेची लांबी आणि तुम्ही लावलेला सूर, पाकिटावर छापलेले नसतात. ते आपले आपण शोधायचे.

आकडा वाचायचा कसा

तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. '१० ची तार' म्हणजे ०.०१० इंच, मिलिमीटरमध्ये साधारण ०.२५. लेथवर काम केलेल्या माणसाला हे लगेच कळेल, वर्कशॉपमध्ये याच मापाला 'थाऊ' म्हणतात. संपूर्ण सेटला नाव पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक तारेवरून पडतं. "मी नऊ लावतो" म्हणजे पहिली तार ९ ची. नेमकं सांगायचं असेल तर दोन्ही टोकं सांगायची: ९-४२, १०-४६ वगैरे.

नेहमी मिळणारे सेट असे असतात, पहिल्या तारेपासून सहाव्यापर्यंत. कंपनीगणिक मधल्या तारांत एखाद-दुसऱ्या थाऊचा फरक दिसेल.

इलेक्ट्रिक:
९-४२: ९, ११, १६, २४, ३२, ४२
१०-४६: १०, १३, १७, २६, ३६, ४६
११-४९: ११, १४, १८, २८, ३८, ४९

अकूस्टिक:
१०-४७: १०, १४, २३, ३०, ३९, ४७
११-५२: ११, १५, २२, ३२, ४२, ५२
१२-५३: १२, १६, २४, ३२, ४२, ५३
१३-५६: १३, १७, २६, ३५, ४५, ५६

तिसऱ्या तारेकडे पाहा. इलेक्ट्रिकच्या १०-४६ मध्ये ती १७ ची आहे आणि साधी आहे. अकूस्टिकच्या १०-४७ मध्ये ती २३ ची आहे आणि वाउंड आहे, म्हणजे मूळ तारेवर दुसरी बारीक तार गुंडाळलेली. पहिली तार दोन्हींत १० असली तरी हे सेट एकमेकांच्या जागी चालत नाहीत. अकूस्टिकचं सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, वाउंड तिसऱ्या तारेच्या हिशेबाने घडवलेलं असतं. तिथे साधी १७ लावली की वरच्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ती चढी बोलते. उलट, ब्राँझची अकूस्टिक तार इलेक्ट्रिकवर लावली तर तारेचं कंपन टिपणाऱ्या चुंबकी पिकअपला तिची गुंडाळी नीट 'दिसत' नाही आणि वाउंड तारा दबून वाजतात. इलेक्ट्रिकला निकेलचा मुलामा असलेल्या स्टीलच्या तारा, अकूस्टिकला फॉस्फर ब्राँझ किंवा ८०/२० ब्राँझ, हे घट्ट लक्षात ठेवा.

ताण कशाने वाढतो

ज्यांनी तंबोरा पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. पुरुष गायकाचा तंबोरा मोठा, सूर खालचा, म्हणून तारा जाड. स्त्रियांचा तंबोरा आखूड, सूर वरचा, तारा बारीक. लांबी, सूर आणि जाडी ही तिन्ही एकमेकांना सांभाळून असतात. गिटारलाही हाच नियम आहे, आणि तो वर्गाचा आहे. म्हणजे जाडी दुप्पट केली तर ताण चौपट होतो. लांबीचं तसंच, कंपनसंख्येचंही तसंच.

म्हणूनच आकड्यात एकाचा फरक दिसायला किरकोळ आणि हाताला मोठा असतो. २५.५ इंची स्केलवर पहिली तार ई सुरात लावली की ९ च्या तारेवर सुमारे ६ किलोचा ताण येतो, १० वर ७.३, ११ वर ८.९, १२ वर १०.६ आणि १३ वर १२.४ किलो. नवावरून दहावर गेलात की ताण जवळपास पावपट वाढला. नवावरून तेरावर गेलात तर दुपटीच्याही वर.

पायरी पहिली: सध्या काय लावलं आहे ते मोजा

बदल करण्याआधी आज हातात काय आहे ते कळायला हवं. नवी गिटार घेताना दुकानदाराला विचारलेलं नसतं, जुनी घेतली असेल तर कुणालाच आठवत नसतं. डिजिटल व्हर्नियर कॅलिपरने पहिली आणि सहावी तार मोजा. दोन आकडे मिळाले की सेट ओळखता येतो. मायक्रोमीटर मिळाला तर अधिक चांगलं, कारण ९ आणि १० मधला फरक मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाचा आहे आणि स्वस्त व्हर्नियर तिथे फसू शकतो. मिळालेले आकडे आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून केसमध्ये ठेवा. माझ्या प्रत्येक गिटारच्या केसमध्ये अशी चिठ्ठी असते आणि तिने माझे बरेच पैसे वाचवले आहेत.

पायरी दुसरी: स्केल मोजा

नट म्हणजे मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी. तिच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत अंतर मोजा आणि दुप्पट करा. हे स्केल. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टरचं स्केल २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. गिब्सनच्या लेस पॉलचं सुमारे २४.७५ इंच. पीआरएसच्या बऱ्याच गिटारी या दोन्हींच्या मध्ये, २५ इंचांवर. पाऊण इंचाचा फरक वाटतो नगण्य, पण लेस पॉलवर दहाचा सेट स्ट्रॅटवरच्या त्याच सेटपेक्षा सुमारे ६ टक्के सैल लागतो. म्हणूनच पुष्कळ वादक स्ट्रॅटला ९ आणि लेस पॉलला १० लावतात आणि दोन्हीकडे हात जवळपास सारखा राहतो.

आपल्याकडे एक गोंधळ नेहमी होतो. दुकानात '३८ इंची', '४१ इंची' म्हणतात ती गिटारची टोकापासून टोकापर्यंतची एकूण लांबी. स्केलशी तिचा थेट संबंध नाही. त्यामुळे टेप लावून मोजाच.

दुसरा गोंधळ लहान मुलांच्या बाबतीत होतो. मूल लहान, गिटार लहान, तेव्हा तारही बारीक, असं आईवडिलांना साहजिकच वाटतं. पण छोट्या गिटारचं स्केल आखूड असल्याने ताण आधीच उतरलेला असतो. पावणेतेवीस इंची स्केलवर १२ ची पहिली तार सुमारे ८.४ किलोने ताणली जाते. पूर्ण मापाच्या गिटारवर ११ ची तारही याहून थोडी जास्त ताणलेली असते. अशा छोट्या गिटारवर १० लावली तर ती लोंबते, सूर धरत नाही, बोट जरा जोरात पडलं की कॉर्ड बेसूर होते, आणि मुलाला वाटतं आपलंच चुकतंय. चांगल्या प्रतीच्या छोट्या अकूस्टिक गिटारींवर कारखान्यातून १२ चा सेट येतो तो याच कारणाने.

पायरी तिसरी: तुम्ही कुठल्या सुरात वाजवता

अर्धा सूर खाली उतरवलात की ताण सुमारे ११ टक्के कमी होतो. पूर्ण सूर उतरवला की २० टक्क्यांहून थोडा जास्त. गायकासाठी गिटार कायमची खाली लावून ठेवणारे, किंवा मेटल वाजवताना सगळीच गिटार डी सुरापर्यंत उतरवणारे, त्यांच्यासाठी हा हिशेब महत्त्वाचा. पूर्ण सूर खाली लावलेली ११ ची पहिली तार हाताला जवळपास नेहमीच्या सुरातल्या १० सारखी लागते.

फक्त सहावी तार ई वरून डी वर आणत असाल तर आख्खा सेट जाड करायची गरज नाही. १०-५२ हा सेट त्यासाठीच असतो. डी मध्ये लावलेली ५२ ची तार ई मधल्या ४६ इतकीच ताणलेली राहते. मला हा मेळ फार सुंदर वाटतो, आकडे जुळले की हातही जुळतो.

कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून काळी दोन किंवा काळी चारला साथ करणाऱ्यांनी मात्र या गणितात पडू नये. कॅपोने वाजणारी लांबी कमी होते आणि सूर चढतो. तारेचा ताण जवळपास आहे तसाच राहतो.

पायरी चौथी: तारा विकत घेण्याआधी फुकटची चाचणी

ही माझी आवडती पायरी आहे आणि ती कुणी करत नाही. बारीक तारा घ्याव्यात का, असा प्रश्न पडला असेल तर आहे त्याच तारा पूर्ण सूर खाली उतरवा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावा. सूर मूळचाच राहिला, पण ताण २० टक्क्यांनी उतरला. १० वरून ९ वर गेल्यावर १९ टक्के उतरतो. म्हणजे इलेक्ट्रिकवर तुम्हाला ९ च्या सेटचा अंदाज न खर्च करता मिळतो. अकूस्टिकवर १२ वरून ११ ला १६ टक्के उतरतो, म्हणून तिथे ही चाचणी खऱ्या फरकापेक्षा थोडी जास्त सैल वाटेल. कॅपोमुळे तारा फ्रेटच्या जवळही येतात, हे मनात धरा. असं चार-पाच दिवस वाजवा. एका बैठकीत काही कळत नाही.

याच चाचणीतून आणखी एक गोष्ट उघडी पडते. एफ कॉर्ड ही आपल्याकडे नवशिक्यांची कसोटी मानली जाते. सूर न उतरवता पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून तोच आकार एक फ्रेट पुढे धरा. अचानक सोपा गेला? मग दोष तारेच्या जाडीचा नाही, नटचा आहे. नटच्या खाचा उंच राहिल्या आहेत. पडताळा असा: एकेक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते पाहा. कागदाच्या जाडीएवढी फट पुरे. नखभर दिसत असेल तर गिटार दुरुस्तीवाल्याकडे न्या. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीने ११, मग १० असे दोन सेट बदलले होते. बोटं तरीही दुखत होती. नटच्या खाचा खाली घेतल्या आणि तिला पुन्हा १२ लावून दिल्या. त्याच आठवड्यात तिची एफ वाजली.

इलेक्ट्रिक: कोणी काय लावावं

जुन्या काळात निवड नव्हती. १९५० च्या दशकात अमेरिकेत मिळणारे सेट जाड असत आणि तिसरी तार वाउंड असे. ती ओढून सूर वाकवणं, म्हणजे बेंडिंग, फार कष्टाचं होतं. काही वादक युक्ती करत. पहिल्या तारेच्या जागी बँजोची बारीक तार लावायची आणि बाकीच्या तारा एकेक घर खाली सरकवायच्या. कॅलिफोर्नियात गिटारचं दुकान चालवणाऱ्या अर्नी बॉल यांनी नवशिक्यांचे हाल पाहिले आणि बारीक तारांचे तयार सेट करून घेतले. १९६२ मध्ये आलेली ती 'स्लिंकी' मालिका. साधी तिसरी तार तेव्हापासून रुळली. आज आपण सहज जे बेंड करतो त्यामागे ही गोष्ट आहे.

सुरुवात करणाऱ्याने २५.५ इंची गिटारवर ९-४२ लावावा, त्याहून आखूड स्केल असेल तर १०-४६. एकेरी तारांवर सोलो, मोठे बेंड, व्हायब्रेटो हे ज्याचं मुख्य काम त्याला ९ वर राहायला काहीच हरकत नाही. कुणी 'बारीक तार म्हणजे पातळ आवाज' म्हणालं तर ऐकून घ्या आणि अॅम्पच्या बटणांकडे वळा. झेडझेड टॉपचे बिली गिबन्स ७-८ च्या बारीक तारा वापरतात आणि त्यांचा आवाज भरदार आहे. दुसऱ्या टोकाला स्टीव्ही रे व्हॉन यांची पहिली तार १३ ची असे. पण हे सांगताना लोक अर्धीच गोष्ट सांगतात: ते अर्धा सूर खाली लावून वाजवत, आणि तेवढा ताण उतरलेला असे. शिवाय त्यांच्या बोटांचे हाल होत असत. त्यांचं कौतुक मनापासून करा, पण तारा आपल्या हाताच्या घ्या.

बारीक तारेला एक शिस्त मात्र लागते. डाव्या हाताने जोर जास्त दिला की ती वर ओढली जाते आणि कॉर्ड चढी लागते. ज्याचा हात जड आहे आणि जो मुख्यतः कॉर्ड-रिदम वाजवतो, त्याला १० किंवा ११ अधिक सुरात ठेवतील. दोन्ही हवं असेल तर ९-४६ हा संकरित सेट घ्या: बारीक तीन तारा नवाच्या सेटमधल्या, जाड तीन दहाच्या. बेंडला सोपा, रिदमला भक्कम. मी स्वतः गेली काही वर्षं यावरच आहे.

जॅझसाठी पोकळ अंगाची गिटार असेल तर ११ किंवा १२ पासून सुरू होणारा, वाउंड तिसऱ्या तारेचा फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट पट्टी गुंडाळलेल्या तारांचा, सेट लावून पाहा. बेंड विसरायचं, पण कॉर्डमधला प्रत्येक सूर गोल आणि स्थिर येतो.

ताण उतरवण्याची गरज शरीरालाही असू शकते, हे अवघडून सांगायची गोष्ट नाही. ब्लॅक सबाथच्या टोनी आयोमी यांनी १९६५ मध्ये कारखान्यातल्या अपघातात दोन बोटांची टोकं गमावली. ते डावरे असल्याने ती फ्रेट दाबणारी बोटं होती. बारीक तारा आणि पुढे खालचा सूर, असा मार्ग त्यांनी काढला. सांधेदुखी असलेल्या, साठीनंतर गिटार हातात घेतलेल्या माणसाने ८-३८ चा सेट निःसंकोच लावावा.

अकूस्टिक: इथे तारच आवाज करते

इलेक्ट्रिकवर आवाज अॅम्पने वाढतो. अकूस्टिकवर लाकडी टॉप हलवायचं काम तारेलाच करायचं असतं, त्यामुळे जाडीचा आवाजाशी थेट संबंध येतो. १२-५३ चा सेट पूर्ण सुरात लावला की सहा तारा मिळून सुमारे ७३ किलोने ब्रिज ओढतात. १३-५६ ला हे ८४ किलोच्या घरात जातं. एका प्रौढ माणसाचं वजन त्या पातळ फळीवर सतत टांगलेलं असतं, असं समजा. मार्टिन कंपनीने १९४४ च्या अखेरीस टॉपखालच्या लाकडी पट्ट्या कोरून हलक्या करणं थांबवलं, कारण लोक तेव्हा जाड तारा लावू लागले होते आणि गिटारींना ते झेपत नव्हतं. म्हणून निर्मात्याने ठरवलेल्या जाडीच्या वर जाताना दहादा विचार करा. खाली यायला धोका नाही.

मोठ्या अंगाची ड्रेडनॉट गिटार, पिकने जोरात स्ट्रमिंग, मंडळींनी भोवती बसून गायचं: १२-५३. बोटांनी वाजवणारा, छोट्या अंगाची गिटार: ११-५२ मध्ये हलका स्पर्शही बोलतो आणि आवाज फार पडत नाही. अगदी नवीन, बोटं कोवळी: पहिले तीन-चार महिने १०-४७ किंवा ११-५२, नंतर हात तयार झाला की १२ वर जा. १०-४७ वर कायम राहू नका, जोरात स्ट्रम केलं की तारा फ्रेटवर खडखडतात आणि तुम्ही नकळत दबून वाजवायला शिकता. १३-५६ मी फक्त दोघांना सुचवतो: ब्लूग्रास पद्धतीने जोरकस पिकिंग करणाऱ्याला, आणि गिटार कायम खालच्या ओपन ट्युनिंगमध्ये (मोकळ्या तारांवरच कॉर्ड वाजेल अशा सुरांत) ठेवणाऱ्याला.

स्वस्त गिटार असेल तर आधी मानेत ट्रस रॉड, म्हणजे मानेचा वाक सांभाळणारी धातूची सळई, आहे का ते पाहा. हेडस्टॉकवर नटच्या मागे किंवा साउंडहोलमधून आत त्याचं तोंड दिसतं. रॉड नसेल तर ११ च्या वर जाऊच नका. वाकलेली मान सरळ करायचा सोपा उपाय नाही.

बारा तारांची गिटार असेल तर सेट १०-४७ च्या आसपासचाच घ्या. एकूण ताण तरीही शंभर किलोच्या वर जातो. ती पूर्ण सूर खाली लावून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावण्याची जुनी सवय चांगली आहे, गिटार जास्त वर्षं टिकते.

क्लासिकल: इथे आधी धोका सांगतो

क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा कधीही लावू नका. कधीही. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण ३८ ते ४० किलो असतो, म्हणजे स्टीलच्या १२-५३ च्या जवळपास निम्मा. टॉप त्याच हिशेबाने पातळ केलेला असतो. स्टील लावलं की ब्रिज उखडतो किंवा टॉप फुगतो, आणि दुरुस्तीचा खर्च कधीकधी गिटारच्या किमतीएवढा होतो. आपल्याकडे जुनी गिटार वारशाने किंवा शेजाऱ्याकडून येते, तेव्हा ओळख पटवून घ्या. मान रुंद, नटपाशी ५२ मिलिमीटरच्या आसपास. हेडस्टॉकला दोन लांब खाचा. ब्रिजला पिना नाहीत, तारा गाठ मारून बांधलेल्या. ही लक्षणं दिसली की नायलॉनच.

या तारांच्या पाकिटावर जाडीपेक्षा ताणाचं नाव असतं: नॉर्मल, हार्ड, एक्स्ट्रा हार्ड. मला हीच पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण ती थेट हाताला काय जाणवेल ते सांगते. ६५० मिलिमीटर स्केलवर नॉर्मलने सुरू करा. तारा खडखडत असतील आणि आवाज कमी पडत असेल तर हार्ड. नवी नायलॉन तार दोन-चार दिवस सतत उतरत राहते, त्यामुळे पहिल्याच दिवशी तिच्याबद्दल मत बनवू नका.

बास आणि स्लाइड

बासचं स्केल बहुतेक ३४ इंच. ४५-१०५ हा नेहमीचा सेट, हलका हवा तर ४०-१००. पाच तारांच्या बासला खालची बी १३० ची घ्या, त्याहून बारीक बी लोंबते. खरेदी करताना 'लाँग स्केल' की 'शॉर्ट स्केल' हे जरूर वाचा. जाड तार चुकीच्या लांबीची आली तर तिची पूर्ण गुंडाळी नटपर्यंत पोचत नाही किंवा खुंटीवर जाड भागच गुंडाळावा लागतो.

स्लाइडला मात्र सगळं उलटं. काचेची किंवा धातूची नळी तारेवर टेकली की बारीक तार खाली दबते आणि फ्रेटला आपटते. म्हणून १३-५६ किंवा त्याहून जाड, आणि तारा फ्रेटपासून उंच. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार आपल्याकडे रागसंगीतात आली. ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर हिंदुस्थानी संगीत रुजवलं, विश्वमोहन भट्ट यांनी मोहनवीणा घडवली आणि १९९४ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं. मींड काढायची तर सूर लांबवर टिकला पाहिजे, आणि तो ताठ, जाड तारेवरच टिकतो. साध्या अकूस्टिकवर हा प्रयोग करायचा असेल तर नट उंच करणारी धातूची पट्टी लावा, १३ चा सेट घ्या आणि सूर मूळ ट्युनिंगच्या खालीच ठेवा, वर नेऊ नका.

नवी जाडी लावल्यावर

तारा एकेक करून बदला, सगळ्या एकदम काढू नका. फ्लोटिंग, म्हणजे स्प्रिंगवर तोललेल्या, ब्रिजवर तर अजिबात नाही. मग दोन दिवस गिटार पूर्ण सुरात ठेवा, मानेला नव्या ताणाची सवय होऊ द्या. नंतर तपासा.

पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. सहावी तार मान जिथे अंगाला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात सुमारे ०.२५ मिलिमीटर फट हवी. त्यासाठी फिलर गेज विकत आणायची गरज नाही, १० ची कापून उरलेली तार नेमकी तेवढ्याच जाडीची असते. ती फटीत अलगद सरकली पाहिजे. जाड तारांनी मान पुढे ओढली जाते आणि फट वाढते, तेव्हा ट्रस रॉड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने कसा. बारीक तारांनी मान मागे जाते आणि पहिल्या काही फ्रेटवर खरखर होते, तेव्हा उलट दिशेने सैल करा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. जड जात असेल तर थांबा आणि जाणकाराकडे न्या.

तार लावताना नटपाशी 'टिंग' आवाज येत असेल तर जाड तार खाचेत अडकते आहे. तात्पुरतं पेन्सिलीचं शिसं घासा, कायमचं काम कानशीवाल्या हाताचं. मग बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर इलेक्ट्रिकचं सॅडल मागे सरकवा, उतरा असेल तर पुढे. फ्लॉइड रोझसारखा फ्लोटिंग ब्रिज जाड तारांनी पुढे कलतो. मागचं झाकण उघडून स्प्रिंगचे स्क्रू कसा किंवा एक स्प्रिंग वाढवा, ब्रिज अंगाला समांतर येईपर्यंत.

आणि हवामान. कोकणात, गोव्यात, मुंबईत जूनपासून लाकूड ओल पितं, टॉप फुगतो, तारा उंच जातात. दर पावसाळ्यात मला विचारणा होते: अचानक गिटार जड वाजायला लागली, बारीक तारा घेऊ का? घेऊ नका. गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, सॅडल आणि ट्रस रॉड तपासून घ्या, जाडी तीच राहू द्या. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात याच्या उलट होतं, लाकूड आकसतं, तारा खाली येऊन खरखरतात, आणि तिथे उगाच जाड तारा घेतल्या जातात. घामाचा हात असेल किंवा समुद्र जवळ असेल तर पैसे जाडीच्या प्रयोगांपेक्षा कोटेड तारांवर घाला. गंजलेली १० ची तार नव्या ११ पेक्षा बोटांना जास्त बोचते.

हे सगळं झालं की केसमधल्या चिठ्ठीवर नवी ओळ लिहा: तारीख, सेट, सूर, ट्रस रॉड किती फिरवला. पुढचे पंधरा दिवस रोज वाजवा. त्यानंतरही एखादीच तार खटकत असेल, बहुधा तिसरी, तर सेट बदलू नका. तेवढी एक सुटी तार एक थाऊ वरखाली करून आणा.